मानांग सालुदला राग येत नाही

मानांग सालुदने, म्हणजे सालुदताईने, तीस वर्षं मासे विकले आणि त्यातली निम्मी भांडण्यात घालवली. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात बाजारकरणींनी तिला नगरसभेवर निवडून दिलं, तेही तिच्या तोंडाकडे बघूनच.

आज नेमकं तेच तोंड सांभाळायचं होतं. मासळीबाजारावर छप्पर घालायचा ठराव होता. आज झाला नाही, तर कबूल झालेले पत्रे शेजारच्या गावाला जाणार. आठांतले तिघे सभासद आलेच नव्हते. उरले पाच, त्यातला एक जरी बाहेर गेला तरी सभा मोडणार. सालुद धरून चौघे छपराच्या बाजूचे. पाचवा तिबुर्सियो. बाजारासमोरचे भाड्याचे गाळे त्याचे, छप्पर झालं तर तिथे कोण बसेल? पण आपणहून उठावं, तर गॅलरीतल्या बाजारकरणी पुढच्या निवडणुकीत त्याला सोलून काढतील. म्हणून त्याला कुणीतरी हाकलायला हवं होतं. कुणी अपशब्द बोलला आणि ज्याला बोलला त्याने हरकत घेतली, की बोलणारा बाहेर, असा तिथला नियम.

"अध्यक्षबाई," तिबुर्सियो उठला, "माननीय सदस्या आल्या की सभागृहाला सुकटाचा वास येतो."

अध्यक्षबाईंनी हातोडा उचलला. "मानांग, हरकत आहे?"

"छे हो! माननीय सदस्यांचं नाक शाबूत आहे, बरं वाटलं."

"त्यांना धड वाचता येत नाही!"

"हळूहळू येतं. चौकशी केली, आभारी आहे."

"त्यांचा तराजू खोटा आहे!"

सालुदचे कान लाल झाले. टेबलाखाली तिने घागऱ्याचा पिळा केला. तिच्या बाजूचे तिघे तिच्याकडे बघत राहिले.

"सन्माननीय सदस्यांनी स्वतः येऊन तपासावा," ती कशीबशी म्हणाली. "कॉफी पाजीन."

तिबुर्सियोला घाम फुटला. "अहो मानांग, रागवा की जरा!"

"सदस्यांनी माझ्याकडे बघून बोलावं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि मतं मागितली. चार विरुद्ध एक. हातोडा पडला. गॅलरीत एकच गलका झाला.

"सभा संपली ना, अध्यक्षबाई?" सालुदने विचारलं.

"संपली."

सालुद दाराशी गेली, कडी लावली आणि वळली.

"ये इकडे, मुडद्या. तराजूचं काय म्हणालास?"

अध्यक्षबाई खाली मान घालून कागद लावत बसल्या. त्यांना काहीच ऐकू आलं नाही म्हणे.