हाडातून की नसेतून

शाळेची मधली सुट्टी चालू होती. बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी नुकताच डबा उघडला होता, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक बाई होती. तिने माझं नाव, माहेरचं आडनाव, कॉलेज असं एकेक विचारून खात्री करून घेतली आणि मग म्हणाली, "तुम्ही कॉलेजात असताना स्टेम सेल दानासाठी नाव नोंदवलं होतं. आठवतं का?"

मला जरा वेळ लागला. पुण्याला बी.एड. करत असताना कॉलेजच्या आवारात एक शिबिर भरलं होतं. मैत्रिणी रांगेत होत्या म्हणून मीही उभी राहिले. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली आणि झालं. पुढे लग्न होऊन बुऱ्हाणपूरजवळ निंबोल्याला आले, मुलगी झाली, नोकरी लागली. त्या काडीचा पुन्हा विचारही केला नाही. आता ही बाई सांगत होती की एका आजारी माणसाशी माझ्या पेशी जुळताहेत आणि त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी एकाच्याही जुळल्या नाहीत. तो कोण, कुठला, हे तिला सांगता येत नव्हतं. चाळिशीचा पुरुष आहे, हाडांतला मगज रक्त तयार करायचा जवळजवळ थांबला आहे, औषधं देऊन झाली, एवढंच.

संध्याकाळी घरी सांगितलं. घरात आम्ही चौघं. नवऱ्याची केळीची बाग आहे, सासूबाईंचा घरावर आणि शेतावर सारखाच दाब आहे, आणि मुलगी तेव्हा पहिलीत होती. सासूबाईंनी विचारलं, रक्त द्यायचं का? मी म्हटलं, रक्तासारखंच. मलाही त्याहून जास्त काही कळलेलं नव्हतं.

आधी माझं रक्त पुन्हा तपासलं गेलं. जुळणी पक्की निघाली. मग एका रविवारी पुण्याचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर आले. मी आणि नवरा मोबाइल गव्हाच्या डब्याला टेकवून समोर बसलो. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत होत्या, पण लक्ष सगळं इकडे होतं.

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. या पेशी हाडाच्या आत राहतात. काही दिवस इंजेक्शनं दिली की त्या मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये घ्यायचं, हव्या त्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत सोडायचं. अंग दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं, पण बहुतेक माणसं त्याच दिवशी घरी जातात. दुसरी पद्धत जुनी. भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मगजच काढायचा. तो पुन्हा भरून येतो, पण काही दिवस उठता-बसता त्रास होतो. आणि तिसरी जागा म्हणजे बाळाची नाळ. तिच्यातलं रक्त गोठवून ठेवलेलं असतं.

"नाळ तर आपण गाडून टाकतो," सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

डॉक्टरांना ते ऐकू गेलं. ते म्हणाले, नाळेचं रक्त चांगलंच असतं. कोणाला सुई टोचावी लागत नाही, जुळणीतही थोडं कमी-जास्त चालतं. पण एका नाळेत असतंच किती? लहान मुलाला पुरतं, मोठ्या माणसाला कमी पडतं आणि रुजायलाही फार दिवस लागतात. शिवाय ते नाही रुजलं तर त्या बाळाकडे परत जाता येत नाही. देणारं माणूस असलं की गरज पडल्यास पुन्हा विचारता येतं.

त्या 'पुन्हा'वर नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

मग मी विचारलं, त्या माणसाच्या डॉक्टरांना काय हवं आहे? त्यांना कमरेच्या हाडातलं हवं होतं. रक्तातून काढलेल्या पेशी पुष्कळ मिळतात, लवकर रुजतात. पण त्यांच्याबरोबर माझ्या शरीरातल्या लढणाऱ्या पेशीही जास्त जातात. त्यांना नवं शरीर परकं वाटतं. मग त्या त्याची कातडी, डोळे, तोंड, कधी यकृतही पोखरतात, आणि हा त्रास वर्षानुवर्षं राहू शकतो. रक्ताचा कॅन्सर असेल तर त्या लढणाऱ्या पेशींचा उपयोगही होतो, उरलेल्या कॅन्सरवर त्या तुटून पडतात. याला कॅन्सर नव्हता. त्यांनी लढावं असं त्याच्या अंगात काहीच नव्हतं. म्हणून हाडातलं बरं. रुजायला थोडा वेळ लागेल, पण पुढचं आयुष्य सुखाचं जायची शक्यता जास्त.

"म्हणजे सगळ्या जमिनीला एकच रोप नाही चालत," नवरा म्हणाला. डॉक्टर हसले, म्हणाले, तसंच काहीसं.

शेवटी त्यांनी सांगितलं की मी हाडातून द्यायला नाही म्हटलं तर ते रक्तातून घेतील. त्या माणसाला तेही चालेल, आणि मला कोणी कारण विचारणार नाही.

मोबाइल बंद झाला आणि मला वाटलं, हे शेवटचं त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न असता तर मी हो म्हणून मोकळी झाले असते. आता प्रश्न असा होता की मला सोपं ते द्यायचं की त्याला बरं ते.

सासूबाईंचं मत ठाम होतं. गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना पाठीत सुई दिली होती आणि तेव्हापासून त्यांची कंबर धरलेली आहे. ओणवं होऊन त्यांना झाडता येत नाही. मी समजावलं की ही सुई मणक्यात नसते, मागच्या हाडात असते, दोन्हींचा काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, "मलाही तेव्हा काही होणार नाही, असंच सांगितलं होतं." त्या अडाणीपणाने बोलत नव्हत्या, भोगलेलं बोलत होत्या. पुढे म्हणाल्या, लहान लेकरू असतं तर गोष्ट वेगळी, हा तर चाळीस वर्षांचा परका बाप्या. आणि मुलीला भाऊ-बहीण कधी व्हायचं? मी डॉक्टरांना तेही विचारलं होतं. पुढच्या बाळंतपणावर परिणाम होत नाही, फक्त हे उरकेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. एवढं थांबायचं हेच सासूबाईंना खटकलं.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर एकदा मी मुलीला घेऊन तापीकाठी राजघाटावर गेले. ती पायऱ्यांवर उड्या मारत होती आणि मी बसून हिशेब मांडत होते. माझा त्रास मला नीट दिसत होता: भूल, कंबर, थोड्या दिवसांची रजा. त्याचा त्रास मात्र सगळा 'कदाचित'मध्ये होता. कदाचित त्याचे डोळे कोरडे पडतील, कदाचित तोंडात घास फिरणार नाही, कदाचित काहीच होणार नाही. एकीकडे नक्की असलेलं छोटं दुखणं आणि दुसरीकडे नक्की नसलेलं मोठं. मी सोपी वाट धरली तर त्याला कधी कळणारही नाही की दुसरी होती. हे 'कळणार नाही' मला सारखं टोचत राहिलं. मी काही फार परोपकारी बाई नाही. शेजारणीला कढई देतानाही आतून कुरकुरते. पण एवढ्या मोठ्या देशात नेमकं माझ्याकडेच आहे असं काही कोणाला हवं आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, आणि ते अर्धवट द्यावंसं वाटेना.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हाडातूनच देते. त्याने फक्त "पक्कं?" एवढंच विचारलं. मग म्हणाला, आईला मी सांगतो. त्याने सांगितलं आणि सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. चहा मिळायचा, पोळ्या मिळायच्या, शब्द मिळायचा नाही.

फोनवाल्या बाईने मला आणखी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. माझ्या पेशी द्यायच्या आधी त्या माणसाला जबर औषधं देऊन त्याचा स्वतःचा उरलासुरला मगज काढून टाकतात. ते सुरू झालं की मागे फिरता येत नाही. "नाही म्हणायचं असेल तर त्याच्या आधी म्हणा," ती म्हणाली. "नंतरचा नकार त्याला झेपणार नाही." मी हो म्हणाले ते हे ऐकून, समजून.

आणि नेमकं तेव्हाच मुलीला डेंग्यू झाला. साध्या तापासारखा आला, दोन दिवसांत प्लेटलेट घसरायला लागल्या आणि तिला बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात दाखल करावं लागलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला पुण्याला निघायचं होतं. मी तिच्या उशाशी बसून त्या बाईला फोन केला. तिने आधी मुलीची चौकशी केली. तुम्ही या, असं ती एकदाही म्हणाली नाही. शेवटी मीच विचारलं, "तिकडे सुरू झालं का?" ती म्हणाली, "हो."

फोन ठेवून मी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं करू. ते त्याने प्रेमानेच म्हटलं, पण मला वाटलं, आत्ता कोणीतरी माझ्यासाठी ठरवावं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणत होते की ताप उतरलाय, सकाळपासून प्लेटलेट खाली गेलेल्या नाहीत, तरी अजून दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल.

दुपारी सासूबाई पेज घेऊन आल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. काय म्हणाली ती बाई? मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे आता त्याच्यापाशी स्वतःचं काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

त्यांनी मुलीच्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "मंग तू जाय. पोरीपाशी मी आहे. हिला रक्त लागलं तर गावातून दहा जण येतील. त्याला तुझ्याशिवाय कोणी नाही."

नवरा थांबतो म्हणाला, तर त्यालाही त्यांनी हाकललं. येताना हिला धरून आणायला माणूस लागेल, बागेचं काय ते नंतर बघू. मी मुलीला जवळ घेतलं तेव्हा ती झोपेत होती. तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर माझं पाऊल निघालं नसतं.

पुण्याला पोचल्या-पोचल्या माझी डेंग्यूची तपासणी झाली. मला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. भुलीच्या आधी मी मनात मुलीचं नाव घेत होते, त्या माणसाचं घ्यावं तर मला ठाऊक नव्हतं. जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि कमरेखाली मुसळाने कुटल्यासारखं वाटत होतं. नवरा शेजारी होता. त्याने आधी सांगितलं, आईचा फोन होता, प्लेटलेट वाढल्यात, पोरगी भात मागतेय. मग म्हणाला, तुझ्या मगजाची पिशवी गेली. एक माणूस खोका घेऊन विमानतळाकडे गेला. रंगाने रक्तच, पण दाट.

घरी आल्यावर कितीतरी दिवस मी भिंतीला धरून उठत होते. सासूबाई बघायच्या, पण मी सांगितलं होतं ना, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मी वाकायच्या आत त्या मुलीच्या चपला उचलायच्या, स्वतःची कंबर धरून.

कंबर बरी झाली, पण मन अडकून राहिलं. त्या बाईला फोन केला की ती म्हणायची, अजून रक्त वाढायला लागलं नाही, थोडं थांबू. पुन्हा फोन, पुन्हा तेच. मला राहवेना. रक्तातून दिलं असतं तर आत्तापर्यंत रुजलं असतं. मी मोठ्या मनाने अवघड ते निवडलं आणि त्यातच तो गेला तर? हे मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "निवड त्यांच्या डॉक्टरांची होती. तुम्ही फक्त त्या निवडीला नाही म्हटलं नाहीत." ऐकून आधी जरा लागलं. इतके दिवस मी तो निर्णय माझाच समजून मिरवत होते. मग हलकंही वाटलं. माझ्या वाट्याचं करून झालं होतं, पुढचं त्याच्या शरीराचं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी त्या बाईचाच फोन आला. बोलायच्या आधीच तिच्या आवाजावरून कळलं. रुजलं होतं.

वर्ष उलटल्यावर दोघांची संमती घेऊन त्यांनी आमचं बोलणं घडवून आणलं. तो तेलंगणातला निघाला. त्याचं टायरचं दुकान आहे. हिंदी बोलायचा, पण प्रत्येक वाक्य शेवटी वर उचलल्यासारखं. आम्ही दोघंही अवघडलो होतो. धन्यवाद म्हणून झाल्यावर काय बोलायचं? मग त्यानेच सांगितलं की त्याचा रक्तगट बदलून आता माझा झालाय, आणि रक्ताच्या एका तपासणीत तर तो बाई आहे असं येतं. "दुकान में किसी को नहीं बताया, दीदी," असं म्हणून तो हसला. मी डोळ्यांबद्दल विचारलं, कातडीबद्दल विचारलं. सगळं ठीक होतं.

मोबाइल स्पीकरवर होता. सासूबाई पुढे सरकल्या आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "बेटा, खाना जाता है ना बराबर?" तो म्हणाला, सब खाता हूँ अम्मा, मिर्ची भी. मग म्हणाला, माझी आई इथे आहे, तिला बोलायचं आहे, पण तिला फक्त तेलुगू येते.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या आणि मोबाइल माझ्या हातातून घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या. पलीकडून ती म्हातारी तिच्या भाषेत भराभर बोलत होती, मध्येच रडत होती. इकडून या मराठीत, हो हो, खरं आहे, आता काळजी करू नका, असं म्हणत होत्या. एकीचं एक अक्षर दुसरीला कळत नसेल. मी कणीक मळायला घेतली. मळून झाली, गोळे झाले, तवा तापला, तरी दोघींचं बोलणं चालूच होतं.