पाटीवर न लिहिलेला शब्द

मी एके काळी चांदा जिल्ह्यात इतक्या पाट्या रंगवल्या, की वाघसुद्धा त्या वाचून वाट बदलत. तेव्हा तिथल्या एका कोळशाच्या खाणीत पाणी घुसलं आणि ती बंद पडली. कंपनीनं तिच्याच तोंडाला कठडा बांधला, विहीर म्हणून ती गावाला दिली आणि ‘कंपनीकडून दान’ असं लिहायला मला धाडलं.

पाणी आरशासारखं होतं, पण गावातलं कुणी भरायला येत नसे. येई ती एकच म्हातारी. भरदुपारी ती फडक्यात भाकर बांधून बादलीत ठेवायची, दोर खाली सोडायची आणि कठड्याला कान लावून बसायची.

“बाई, हे कोणासाठी?” मी विचारलं.

“पोरगा हाय खाली. त्याले कोणी वर आणलंच नाई.” मग तिनं माझ्या कुंचल्याकडे हनुवटी उडवली. “माहा पोरगा खाली ठेवला न् वर पाणी देल्लं. याले दान म्हंतेत का, भाऊ?”

मी थापाड्या खरा, पण पुढचं खोटं असेल तर माझे हात झडोत. तिनं बादली वर ओढली. भाकर नव्हती. फडकं होतं, कोरडं ठणठणीत, नीट घडी घातलेलं.

“घरीबी अशीच घडी घाले,” ती हसून म्हणाली.

‘कंपनीकडून’ एवढंच लिहून मी रंग संपल्याचं सांगितलं. आता नव्वदी गाठली, तरी कंपन्या मला बोलावतात. दान म्हणत नाहीत, ‘सामाजिक जबाबदारी’ लिहायला सांगतात. मी लिहितो. फक्त कुंचला बुडवण्याआधी एकदा डब्यात वाकून पाहतो, खाली कोणी राहिलंय का.