मी कोण?

सायबर सुरक्षेच्या कंपनीत मी बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर बसते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला लोक मला बोलावतात आणि मी सगळीकडे तेच सांगते: आवाजावर विसंबू नका. मुलाचा, साहेबांचा, कुणाचाही आवाज आता यंत्र हुबेहूब काढतं. फोनवर ओळख पटवायची असेल तर दुसरा प्रश्न विचारा. लोक माना डोलावतात आणि चहा प्यायला जातात.

हा दुसरा प्रश्न मला कुठल्या कोर्समध्ये कुणी शिकवला नाही. बदलापूर गावातल्या आमच्या घरी तो रोज विचारला जायचा. बाबा जवळच्या जांभूळ गावी पाण्याच्या प्लांटवर पाळीला असायचे. परत आले की दार वाजवायचे. आतून आई विचारायची, "कोण?" बाबा म्हणायचे, "मी." जगातला सगळ्यात कुचकामी पासवर्ड, पण आपल्याकडे घरोघरी चालतो. आईला मात्र त्यांची फिरकी घेतल्याशिवाय चैन पडायची नाही. "मी कोण?" मग बाहेरून वैतागून, "अगं, मीच!" त्यानंतरच कडी निघायची. ती कडी बाबांनीच उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून आणली होती आणि आणल्या दिवसापासून ती अडकायची. उशीर कडीमुळे होतोय की आईमुळे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाबा गेले. त्यांचे व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये राहिले. नळाला पाणी आलं नाही, बाजारात करटोली आली आहेत, जेवलीस का. पण त्यात तो "मी" कुठेच नव्हता. दाराबाहेरून म्हणायचा शब्द फोनवर कोण म्हणणार? मला तो पुन्हा ऐकायचा होता. भर मीटिंगमध्ये, भाजी चिरताना, केव्हाही ही हुक्की यायची आणि स्वतःचाच राग यायचा.

शेवटी विषय आईनेच काढला. "तुमचं ते एआय ह्यांचा आवाज काढेल का गं?"

"काढेल. पण तो खोटा असेल, आई."

"एवढं कळतं मला. एकदा ऐकव फक्त."

ज्या गोष्टीपासून मी लोकांना सावध करते, तीच मी घरी बसून केली. मेसेज यंत्राला दिले आणि एकच शब्द बनवून घेतला. पुढचा "मीच" बनवायचा मला धीर झाला नाही.

रविवारी दुपारी आई मांडीवर ताट घेऊन वाल सोलत बसली होती. मी फोन दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं.

"मी."

तेच. थोडं घशातलं, पाळीवरून दमून आल्यासारखं.

"मी कोण?" आई म्हणाली. सवयीने, हातातली शेंग तशीच धरून.

फोन गप्प होता. माझ्याच नियमाप्रमाणे तो आवाज नापास झाला होता. अशा वेळी दार उघडायचं नसतं.

आई उठली. ताट कलंडलं, वाल फरशीभर पसरले. तिने ती अडकणारी कडी दोन्ही हातांनी ओढली आणि दार सताड उघडलं. बाहेर ओटीवर ऊन होतं आणि आमच्या दोघींच्या चपला होत्या.

मी मागे जाऊन उभी राहिले आणि तिच्या खांद्यावरून, बाबा यायचे त्या वळणाकडे बघत राहिले.