वस्तादांचा फेटा

आमच्या वस्तादांबद्दल गोड बोलावं असं काही नव्हतं. साऱ्या पारनेर भागात इतक्या घाण तोंडाचा माणूस मी पाहिला नाही. पण आजही गावात कुणी त्यांचा विषय काढून हसलं की माझं डोकं फिरतं, म्हणून सांगतो.

लढाईचा काळ होता, साखर कंट्रोलात होती, तरी गाव आपल्या पैलवानाला, म्हणजे मला, दूध-बदाम पुरवत होतं. विशीच्या आत मला काय झालं कोण जाणे. झोप उडाली, घास उतरेना, छाती धडधडायची. तालमीत पाय ठेवला की रडू फुटायचं. गाव म्हणालं, लागीर झालंय. पाटील म्हणाला, फुकटचं दूध अंगावर आलंय. चुलत्यानं भगताकडे नेलं. भगतानं आसुडानं पाठ फोडली, वर चुलत्यानं त्याला कोंबडं दिलं.

वस्तादांनी माझी कुस्ती बंद केली. नुसती तालमीची माती खणायला लावायचे आणि दाराला आतून कडी घालायचे. "रड रेड्या, मोकळा हो. हितं कुनी बघत न्हाई." रोज तेच, शिव्याही रोज. पाठीवर हात एकदाही ठेवला नाही. पण मला झोप लागायला लागली.

तेवढ्यात पाटलानं जत्रेतली शेवटची कुस्ती शेजारच्या गावाशी ठरवून टाकली, मला न विचारता. वस्ताद म्हणाले, "पोरगं आजारी हाय. उभं करनार न्हाई."

"आजारी? चांगला दांडगा दिसतोय की."

पाटलाच्या माणसांनी मला धरून फडात नेलं, लंगोटावर उभं केलं. हलगी कडाडली. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. एवढी माणसं जमली होती, एकालाही दया आली नाही.

वस्ताद फडात उतरले. डोक्यावरचा फेटा काढला आणि समोरच्या वस्तादाच्या पायाशी ठेवला. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच: न लढता हार, आणि ती पैलवानाची नव्हे, वस्तादाची. मग माझ्या अंगावर उपरणं टाकून म्हणाले, "चल, रेड्या."

लोक त्यांच्यावर थुंकले. जत्रा उठायच्या आत पाटलानं त्यांना तालमीतून हाकललं. गाव सोडताना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी तीच कुस्ती मारली. थुंकलेलेच मला खांद्यावर घेऊन नाचले. पाटील रेशमी फेटा घेऊन पुढं आला. मी म्हणालो, "आधी वस्तादांना बोलवा. त्यांच्या डोक्याला बांधा."

पाटील हसला. "हरलेल्याला कसला फेटा?"

मी बोडक्यानंच घरी गेलो. लग्नातही मुंडावळ्या बोडक्या डोक्यावर बांधल्या. सासरे रुसले, गाव कुजबुजलं. कुजबुजू दे. त्या गावाचा फेटा मी अजून डोक्याला लावलेला नाही.