विलासने मागितलेली एक ओळ

दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे विलासच्या घरून सुनंदावहिनी. "भाऊजी, हे उठत नाहीत हो," एवढंच म्हणाल्या. रिक्षा करून तापीचा पूल ओलांडला, जैनाबादला पोचलो, तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं, असं म्हणाले. विलासला जाऊन आता महिना उलटला. भागीदार गेला म्हणून लोक मला धीर देतात, मी मान हलवतो. पण घाटावर त्याला निरोप देतानाही मी गर्दीत इंदूरचं कोणी आलंय का, ते बघत होतो. माझा संशय त्याच्यामागे चितेपर्यंत गेला, हे मी अजून घरीसुद्धा बोललेलो नाही.

आम्ही दोघं बुऱ्हाणपुरात वेबसाइट बनवायचो. केळीचे व्यापारी, पावरलूमवाले, एखादी शाळा... गिऱ्हाईक आणायचं काम माझं, कम्प्युटरच्या आतलं सगळं विलासचं. मला चिडवायला तो 'शेठ' म्हणायचा. एकदा आम्ही एका समाजाची वधू-वर सूची वेबसाइटवर चढवली. प्रत्येक स्थळाचं छोटं कार्ड, त्यात नाव लांब झालं की पुढे कापून तीन टिंबं. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ मुलीचं कार्ड मोबाइलवर उघडून दुकानात आले. ज्योत्स्ना नावातला 'ना' गायब होता आणि 'स' पाय मोडून उभा होता. "लाइटबिलात बी नाव पूरं येते भाऊ, तुमच्या कम्प्युटरात का नाही येत? आता पोरीला पाहायला कोण येईन?" ते म्हणाले. मी माफी मागून चहा मागवला. विलास मात्र त्यांच्या मोबाइलकडेच बघत राहिला.

दोष कुठे आहे ते त्याने मला समजावलं. वेबसाइट ज्या भाषेत लिहितात तिला आपलं अक्षर आपल्यासारखं दिसत नाही. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळे तिला सुटे तुकडे वाटतात, आणि कापताना ती कुठेही सुरी फिरवते. विलासने अक्षर न तोडता नाव कापणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि सूची नीट झाली. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. तो म्हणाला की हे आपल्यापुरतं झालं, रावेरच्या एखाद्या पोराला उद्या हेच परत लिहावं लागेल. ही सोय मूळ भाषेतच पाहिजे.

ती भाषा घडवणारे लोक जगभर पसरलेले आहेत आणि त्यांची चर्चा इंटरनेटवर उघड्यावर चालते. कोणीही तिथे नवी मागणी मांडू शकतो. मग बाकीचे प्रश्न विचारतात, हो-नाही म्हणतात. विलासने मागणी मांडली, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. जेवणानंतर तो इंग्रजीत काहीतरी लिहीत बसायचा. मी जवळ गेलो की पडद्यावरची खिडकी खाली ढकलायचा. विचारलं तर, "काही नाही रे, तेच जुनं." त्याच सुमारास इंदूरच्या एका कंपनीचा माणूस कामासाठी आला होता. जाता जाता मला म्हणाला, "आपके पार्टनर को तो बाहर के लोग भी जानते हैं." तो सहज बोलला असेल. मी मात्र त्या वाक्याला रात्रंदिवस पाणी घातलं. विलास नोकरी शोधतोय, आपलं काम घेऊन जाणार, मला रिकामं दुकान राहणार...

एकदा तो चहाला गेला असताना मी त्याच्या खुर्चीत बसून ती खिडकी उघडली. चर्चा अर्धीमुर्धी समजली. पण आमचा अक्षरं कापणारा प्रोग्राम तिथे पूर्णच्या पूर्ण, फुकट मांडलेला दिसला आणि माझं डोकं फिरलं. त्याला काही बोललो नाही. आमच्या सगळ्या वेबसाइट जिथे ठेवलेल्या होत्या तिथला पासवर्ड तेवढा बदलला. दुसऱ्या दिवशी त्याला आत जाता येईना. मी म्हणालो, सुरक्षेसाठी बदललाय. त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "बरं केलं, शेठ," म्हणाला आणि नवा पासवर्ड मागितलाच नाही. त्यानंतर काही काम असलं की म्हणायचा, "उघडून दे." मी उघडून द्यायचो. दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत असे राहिलो.

गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तो स्कूटरची किल्ली हातात घेऊन दारात थांबला.

"त्या चर्चेत एक ओळ लिही ना. आम्हालाही हे लागतं, एवढंच. मागणी बंद करायला निघालेत."

"पहिले हे सांग, याच्यात तुला काय भेटणार?"

"काहीच नाही भेटणार. म्हणून तर तुला म्हणतो."

मी बघू म्हणालो. मनात म्हणालो, सही करायला लावतोय, म्हणजे उद्या मी त्या प्रोग्रामवर हक्क सांगायला नको. तो पुलाकडे निघून गेला.

तेरावं झाल्यावर मी ती चर्चा पहिल्यापासून वाचली. अडलं तिथे भाषांतर करून वाचली. नोकरीचा शब्द कुठेच नव्हता. होते ते नकार. तुमचं इंग्रजी कळत नाही, एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने, ही सोय एकदा दिली की आम्हाला कायमची सांभाळावी लागेल. विलास दर वेळी क्षमा मागून पुन्हा नीट समजावून सांगत होता. खिडकी तो माझ्यापासून का झाकायचा, ते तेव्हा कळलं... आपल्याला कोणी असं बोलतंय हे शेठला दिसू नये म्हणून. शेवटी एकाने विचारलं होतं, तुमच्याशिवाय आणखी कोणाला हे हवं आहे का? त्यावर विलासचं उत्तर होतं, माझ्या भागीदारालाही हवं आहे, तो लवकरच लिहील.

मी नवं खातं उघडून लिहिलं, होय, आम्हालाही लागतं. चारच दिवसांत उत्तर आलं. भाषा सभ्य होती. तुमचं खातं नवं आहे, खात्यावरचा पत्ता त्याच दुकानाचा आहे. तुम्ही तेच गृहस्थ तर नाही ना? एका माणसाची दोन मतं आम्ही धरत नाही.

आधी राग आला. मग ते उत्तर पुन्हा वाचलं. ते विचारतात ते माझ्याच तोंडचं होतं, विलासवर मीही असाच संशय घेतला होता. मी वेगळा माणूस आहे याचा माझ्याकडे काय पुरावा? शेवटी लिहिलं की मागणी करणारा विलास आता नाही, मी त्याचा भागीदार, त्याने विचारलं तेव्हा मी लिहिलं नाही. खरं वाटलं तर धरा. मागणी अजून उघडी आहे. ते अधूनमधून काहीतरी विचारतात. जे समजत नाही ते मी त्याच्या प्रोग्राममध्ये शोधतो, कधी सापडतं, कधी नाही.

त्याच्या खुर्चीशेजारी एक प्लास्टिकचं स्टूल असायचं. काही दाखवायचं असलं की तो ते पायाने माझ्याकडे सरकवायचा, आणि मी उभ्यानेच, त्याच्या खांद्यावरून बघायचो. आता दुकान उघडलं की मी आधी त्या स्टुलावर बसतो. तिथून पडदा थोडा तिरपा दिसतो, मान वाकडी करावी लागते. खुर्ची रिकामीच ठेवतो.