टँकरभर विरजण

आज सकाळी बायकोने कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं आणि मला एकदम आखातातल्या अजमानचा तो लेबर कॅम्प आठवला.

मी पुण्याहून इंजिनिअर म्हणून नुकताच आलो होतो. कॅम्पच्या नव्या सांडपाणी प्लांटला अशी घाण सुटली होती, की कामगार बसमधून उतरतानाच नाकाला रुमाल बांधायचे. मी महिनाभर त्यात क्लोरीन ओतत राहिलो. शेवटी आमचे पेशावरचे म्हातारे ऑपरेटर युसुफभाई म्हणाले, "साब, दवाई खलास करो. इसमें जान डालनी पड़ेगी."

खोर फक्कानच्या जुन्या प्लांटमधून ते टँकरभर तपकिरी गाळ घेऊन आले. "यल्ला, जल्दी खोलो! हवा नहीं मिली तो मर जाएँगे बेचारे." गाळातल्या या घाण खाणाऱ्या जिवाणूंवर पेपर लिहून मी पास झालो होतो, पण त्यांना बेचारे म्हणणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

आठवड्याने त्यांनी टाकीतलं पाणी बरणीत भरून माझ्या हातात दिलं. बघता बघता गाळ तळाला बसला आणि वरच्या नितळ पाण्यातून मला माझीच बोटं दिसायला लागली. वास घेतला, तर नांगरलेल्या ओल्या शेताचा! त्या रखरखीत वाळूत!

तेव्हा वाटलं होतं, प्लांट मी चालू केला. आज वाटतं, आम्ही फक्त टँकरचा कॉक उघडला होता.

त्या दिवशी संध्याकाळी बस आली. कामगार सवयीने रुमाल बांधून उतरले, चार पावलं चालले आणि थबकले. मग एकेकाने रुमाल सोडला. थोड्या वेळाने कॅम्पच्या खिडक्या उघडायला लागल्या.