ओकच्या रोपट्यापाशी खुर्ची

माझ्या शेजारच्या ईव्हर प्रॉबर्टने चाळीस वर्षं ट्रॅक्टरने आमच्या वेल्समधल्या रॅडनरच्या डोंगरावरची कुंपणं कापली. काटेरी झुडपांची ती हिरवी भिंत तो अशी सपाट करायचा की वर चहाचा कप ठेवावा. रेषेच्या वर एक डहाळी दिसली तरी त्याचं पित्त खवळायचं. गावातल्या तरण्या गेथिनला त्यानेच हे काम शिकवलं आणि गुडघे गेल्यावर ट्रॅक्टरही त्यालाच दिला.

मग ईव्हरला खिडकीत बसण्याखेरीज काम उरलं नाही. समोर शेतात जुना ओक. ढोलीत घुबड, भेगांत वटवाघळं, सालीखाली किडे आणि ते टिपायला सुतारपक्षी. त्या वसंतात ओकच्या निम्म्याच फांद्यांना पालवी फुटली. हा गेला तर एवढी बिऱ्हाडं जाणार कुठे? ईव्हर काठी टेकत कोवळा ओक शोधायला निघाला. दोन मैलांत एक नाही. पाखरं तर दर वर्षी ओकच्या बिया कुंपणात पुरतात, त्या रुजतातही.

"डिलिस," तो मला म्हणाला, "सगळे मीच कापलेत गं."

खरं सांगते, मला त्याचा रागच आला. आता रडून काय उपयोग?

शेवटी माझ्याच कुंपणात एक रोपटं सापडलं, रेषेच्या वर वीतभर डोकावणारं. कापणाऱ्याने सोडावं म्हणून ईव्हरने त्याला लाल चिंधी बांधली. सप्टेंबरात गेथिनने चिंधीसकट छाटलं. रोपटं चिवट, वसंतात पुन्हा फुटलं. पुढच्या सप्टेंबरात ईव्हर माझ्या स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून त्याच्यापाशी जाऊन बसला.

गेथिनने ट्रॅक्टर थांबवला. "काका, उठा. रेषेच्या वर काही ठेवायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना?"

"चुकीचं शिकवलं," ईव्हर म्हणाला.

या माणसाने जन्मात हवेचा अंदाजसुद्धा चुकला म्हणून कबूल केलं नव्हतं. गेथिनने पातं उचललं आणि रोपटं ओलांडून पुढे टेकवलं. गावाने दोघांची टर उडवली. ईव्हर मात्र चार वर्षं न चुकता खुर्ची मागायला यायचा, गेथिन काही विसरणारा नव्हता तरी.

फेब्रुवारीत ईव्हर गेला. सप्टेंबरात दार वाजलं, गेथिन उभा.

"मावशी, ती खुर्ची द्या. यंदा कापायला नवा माणूस ठेवलाय. मी बसतो तिथे."